हमीदार

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, भर गर्दीत, एका माणसानं अवनीचा हात धरला आणि तिचा बाप शेजारी उभा राहून हसला.

शर्वरी दुधाळनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ती आकाशपाळण्याच्या रांगेत होती. तिची चौदा वर्षांची मुलगी अवनी आणि नवरा प्रज्वल समोरच रेवड्यांच्या दुकानापाशी उभे होते. दारूनं तर्र झालेला, अंगानं आडदांड असा एक इसम झोकांड्या देत आला आणि पोरीचं मनगट धरून तिला ओढू लागला. अवनी किंचाळली, "पप्पा!"

प्रज्वल शेवरगावच्या हायस्कुलात कबड्डी शिकवायचा. चाळिशी उलटली तरी त्याच्या पकडीतून तरणी पोरं सुटत नसत. पण त्याचे हात मांड्यांपाशी तसेच लोंबत राहिले. चेहऱ्यावर एक मऊ, निवांत हसू पसरलं. दर्शन घेऊन देवळाबाहेर पडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं, तसं.

"असं करू नये, दादा," तो म्हणाला. "सोडा तिला."

शर्वरी रांग मोडून धावली. पायातली चप्पल काढून तिनं त्या माणसाच्या तोंडावर हाणली, तेव्हा कुठे रेवडीवाला आणि आजूबाजूचे लोक पुढे झाले आणि पोरीचा हात सुटला.

तिघं घरी आले. अवनीनं मोरीत जाऊन मनगट साबणानं चोळचोळून धुतलं. बाहेर येऊन ती बापासमोर उभी राहिली.

"पप्पा, तुम्ही हसत होता."

"मला हसू येत नव्हतं, अवू."

"मग काय येत होतं?"

प्रज्वलनं खरंच विचार केला. खिशात काही हरवलंय का ते माणूस चाचपून बघतो, तसा. "काहीच येत नव्हतं," तो म्हणाला.

बारा वर्षांपूर्वी अवनी दोन वर्षांची असताना याच घरात याच माणसानं शर्वरीच्या कानशिलात भडकावली होती. जेवायला बोलावलं तेव्हा ती फोनवर बोलत होती, एवढंच कारण. पोर कडेवर होतं. त्याआधीही हात उठत होता, पण त्या दिवशीच्या फटक्यानं डाव्या कानाचा पडदा फाटला आणि आतलं नाजूक हाड मोडलं. त्या कानानं तिला परत ऐकू आलं नाही. या वेळी ती माहेरी न जाता पोलिसांत गेली. खटला उभा राहिला. न्यायाधीशांनी प्रज्वलपुढे दोन वाटा ठेवल्या. तुरुंग, नाहीतर 'निग्रह'.

निग्रह हे सरकारी नाव. लोक त्याला लगाम म्हणत.

तो बसवण्याआधी जिल्ह्याच्या गावच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. नाझनीन मोमीन यांनी शर्वरीला समोर बसवून सगळं समजावलं होतं. "हात उचलावा असं आपल्याला वाटतं ना, त्याच्या आधीच मेंदूत हात उचलायची तयारी चालू झालेली असते. विजेची एक बारीक लाट चढत जाते. ती पुरती चढली की मग आपल्याला वाटतं, मी हात उचलतोय. म्हणजे हुकूम आधी सुटतो आणि राजाला बातमी मागाहून कळते. आपण त्या दोन्हींमधल्या फटीत शिरतो."

केसाहून बारीक दोन तारा. एक मेंदूच्या खोल भागात, राग आणि भीती जिथून उठते तिथं, बदामाएवढ्या गाठीशी. दुसरी हात हलवणाऱ्या पट्ट्यावर. कानामागे कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र, म्हणजे मेंदूचा पहारेकरी. पहिले काही आठवडे तो नुसता बघतो. या एका माणसाचा राग कसा उठतो, कुठून वळतो, कसा चढतो, हे शिकून घेतो. मग पुढच्या वेळी लाट चढू लागली की उलट्या बाजूनं किंचितसा प्रवाह सोडून तिला मोडून टाकतो.

"म्हणजे तो राग दाबत राहणार?" शर्वरीनं विचारलं होतं.

"दाबायला आधी राग यावा लागतो," डॉक्टर म्हणाल्या. "यांना तो येणारच नाही."

शिक्षेऐवजी लगाम घेतलेल्या माणसाला हमीदार लागत असे. कोर्टानं शर्वरीलाच हमीदार नेमलं. दरवर्षी तपासणीच्या वेळी लगाम सैल करायचा की आवळायचा, हे डॉक्टर तिला विचारत. ती म्हणे, "आहे तसाच ठेवा." एका वर्षी प्रज्वलला कोल्हापूरच्या मोठ्या क्रीडासंकुलात नोकरी चालून आली. तिला गाव सोडायचं नव्हतं. आठवडाभर दोघांची धुसफूस चालली. त्या तपासणीला ती म्हणाली, "या वेळी जरा वाढवा." प्रज्वल शेजारच्याच खुर्चीत होता. त्यानं मान डोलावली. कोल्हापूरचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

घर शांत झालं. शांत घराचा गावात बोलबाला झाला. महिला मेळाव्यांत शर्वरी बोलू लागली, प्रज्वल व्यासपीठावर तिच्या शेजारी बसू लागला. "लगामानं वाचवलेलं घर," असं लोक म्हणत. त्या जोरावर ती नगरसेविका म्हणून निवडून आली.

एक गोष्ट मात्र ती कुठल्याही भाषणात सांगत नसे. ती काही लागट बोलली की प्रज्वलच्या पापण्या क्षणभर जड होत. अगदी क्षणभर. मग ते मऊ हसू येई. त्या क्षणात तिला वाटे, कुणीतरी आतून उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि त्याला परत पाठवलं गेलं. भांडी घासताना, अंथरूण घालताना तिच्या पाठीवर काटा येई. घरात तीन माणसं राहत होती आणि तिला चौथ्याची चाहूल लागे.

यात्रेनंतरच्या सोमवारी प्रज्वल म्हणाला, "डॉक्टरांकडे जाऊ."

तिथं गेल्यावर तो सरळ विषयावर आला. "मॅडम, मी रोज पहाटे ध्यानाला बसतो. कित्येक वर्षं झाली. व्यसन नाही, कुणाला वाकडा शब्द नाही. मला वाटतं, मी सुधारलोय. आता हे लागत नसेल. पोरीचा हात धरला तरी माझा हात उठू नये, इतकं तर नकोच."

डॉ. मोमीन यांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी पडद्यावरच्या रेघा बराच वेळ पाहिल्या.

"सर, खरं सांगू?"

"त्यासाठीच आलोय."

"लगाम पहिल्या वर्षी जेवढं काम करत होता, त्याहून आज जास्त करतोय. तुम्ही ध्यानाला बसता तेव्हासुद्धा."

शर्वरीनं प्रज्वलकडे पाहिलं. पापण्या जड झाल्या, हसू आलं.

"पाय मोडला म्हणून प्लास्टर घातलं आणि ते बारा वर्षं काढलंच नाही, तर पाय काय होईल?" डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात अपराधी सूर होता. "स्वतःला आवरणं हेही एक काम आहे. मेंदू ते करून करूनच शिकतो. तुम्हाला ते एकदाही करावं लागलं नाही. आतला राग वाढत गेला, कारण त्याला अडवणारं आतलं कुणी उरलंच नाही. हे आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं."

"मग काढा."

"काढता येतो. पण तो काढल्यावर काय होईल ते मी सांगू शकत नाही. आणि हमीदाराची सही लागते."

दोघांनी शर्वरीकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. आणि पर्स उचलून बाहेर गेली.

त्याच आठवड्यात नगराध्यक्ष ऋतुराज काटकर यांनी तिला दालनात बोलावलं. गावाच्या वरच्या अंगाला टेकडीवर एक वस्ती होती. तिथल्या लोकांच्या माथी चोर-गुंडाचा शिक्का तीन पिढ्या बसलेला. तिथं नळ नव्हते. विनाचालक टँकर दिवसाआड वर जाई, सोबत पालिकेचा एक मुकादम असे. मागच्या महिन्यात टँकर चार दिवस फिरकला नाही, तेव्हा वस्तीतल्या पोरांनी मुकादमाला धरून चोपलं होतं.

"सरकारकडून लगाम फुकट मिळतायत," काटकर म्हणाले. ते चांगले शिकलेले, गोड बोलणारे गृहस्थ. "वस्तीतल्या ज्या ज्या माणसावर मारामारीची नोंद आहे, त्याला बसवायचा. जबरदस्ती नाही. घेईल त्याला घरकुल. आणि ताई, ठराव तुम्ही मांडायचा. तुमच्यासारखं कोण सांगणार?"

"हमीदार कोण?"

"नगरपरिषद. म्हणजे आपणच की."

ही बातमी टेकडीवर पोहोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाई दारात उभी. साठीची, ताठ कण्याची बाई. वस्तीतलं कुठलंही भांडण तिच्यापाशी मिटे, नाहीतर तिच्यापासून सुरू होई. प्रज्वल ओट्यापाशी गवार मोडत होता. त्यानं तिला पाणी दिलं.

"बाई, ठराव तू मांडणार म्हणं," लंकाबाई म्हणाली.

"मावशी, पोरांचं भलंच होईल. घरकुल मिळेल."

"आमच्या पोरांना राग येतो म्हणून टँकर येतो. राग गेल्यावर तो कशापायी येईल?" लंकाबाई प्रज्वलकडे वळली. "सर, तुमच्या डोक्यात हाये ना ते? कसं वाटतं, सांगा बरं खरं."

प्रज्वलच्या हातातली शेंग तशीच राहिली. "बरं वाटतं, मावशी. नेहमीच बरं वाटतं. माझे वडील गेले, त्यांना खांदा दिला, तेव्हाही बरंच वाटत होतं."

लंकाबाईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि निघून गेली. जाताना तिनं एकदा मागे वळून प्रज्वलकडे पाहिलं. अशा नजरेनं माणूस मसणवटीकडे पाहतो.

शर्वरीला सासऱ्यांचं सरण आठवलं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. अग्नी देताना प्रज्वलच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं आणि लोक म्हणत होते, काय धीराचा माणूस. तीही तेच म्हणाली होती.

"तू मला कधी बोलला नाहीस," ती म्हणाली.

"बोलावं असं वाटायला आत काहीतरी टोचावं लागतं, शर्वरी." तो शेंगा मोडत सावकाश बोलत होता, दुसऱ्या कुणाची हकीगत सांगावी तसा. "यात्रेपासून मी एक गोष्ट शोधतोय. मी तुझा कान फोडला. मला माहीत आहे ते. त्याची लाज वाटायला पाहिजे, पोटात कालवायला पाहिजे. मी प्रयत्न करतो. काहीतरी चढायला लागतं आणि विझतं. लाजेची वाट आणि रागाची वाट आत एकच असावी. बारा वर्षांत मी तुझी खरी माफी मागितलेली नाही. मागूच शकलो नाही. तू एका पहारेकऱ्याबरोबर संसार केलास. माझ्याबरोबर नाही."

"आणि तू मोकळा झाल्यावर पहिला फटका कुणाला बसेल?"

"तुला. किंवा अवूला. म्हणून तर तुझी सही लागते."

ती उठून अंगणात गेली. सदाफुलीच्या वाफ्यापाशी बराच वेळ उभी राहिली. आपल्याला भीती कशाची वाटते, हे तिनं स्वतःला विचारलं. माराची होतीच. पण त्याखाली दुसरंही काही होतं आणि ते बघायला तिला जड गेलं. तिला या शांततेची गोडी लागली होती. घरात तिचा शब्द शेवटचा होता. कोल्हापूर तिनं एका वाक्यात संपवलं होतं. एका माणसाच्या कवटीच्या आत तिचं राज्य होतं, आणि ते तिनं बारा वर्षं चांगलं चालवलं होतं. काटकरही टेकडीवर चांगलंच राज्य चालवतील. गोड बोलून, फुकट घरं देऊन.

आत येऊन ती म्हणाली, "मी सही करते. पण तू या घरात राहायचं नाहीस. मी बोलावेन तेव्हा यायचं, जा म्हणेन तेव्हा जायचं. तुझं स्वराज्य तुझ्या जिवावर मिळव, प्रज्वल. माझ्या आणि पोरीच्या जिवावर नाही."

"हे कबूल नसतं तर मी मागितलंच नसतं," तो म्हणाला. त्याच संध्याकाळी त्यानं दोन पिशव्या भरल्या आणि तालमीच्या मागच्या खोलीत राहायला गेला.

नगरपरिषदेच्या सभेत शर्वरी ठराव मांडायला उठली आणि तिनं तो मांडला नाही.

"बाहेरच्या पाटीवर लिहिलंय, स्थानिक स्वराज्य संस्था," ती म्हणाली. "मी बारा वर्षं हमीदार आहे, त्यामुळे मला माहीत आहे ते सांगते. माझं घर शांत होतं, पण तो बंदोबस्त होता. दुसऱ्याला आवरण्याची सवय लागली की सुटत नाही. आणि ज्याला सतत कुणीतरी आवरतं, त्याला स्वतःला आवरणं येईनासं होतं. टेकडीवर नळ द्या. मुकादमाला मारणाऱ्यांना कायद्यानं शिक्षा करा. पण त्यांच्या रागाचे हमीदार आपण व्हायचं नाही. उद्या आपलं चुकलं, तर आपल्याला सांगणार कोण?"

सभागृहात कुणी आरडाओरडा केला नाही. काटकरांनी तिचे आभार मानले, ताईंच्या घरी सध्या अडचण आहे असं हळहळून सांगितलं, आणि ठराव दुसऱ्याकडून मांडून घेतला. विरोधात तिच्यासह तीन हात वर झाले. ठराव पास झाला.

पावसाळा संपेपर्यंत टेकडीवरच्या बहुतेक जवान माणसांच्या कानामागे बारीक व्रण दिसू लागले. घरकुलांचे पाये खणले गेले. मारामाऱ्या थांबल्या, बायकांना मारही थांबला, आणि ती काही लहान गोष्ट नव्हती. शर्वरीला एका तरुण सुनेनं हात धरून सांगितलं, "ताई, मी पहिल्यांदा रात्रभर झोपले." शर्वरी तिला काय म्हणणार? तिला ते सुख ठाऊक होतं.

मग टँकर दिवसाआडचा चौथ्या दिवशी येऊ लागला. पुढे आठवड्यानं. एका दुपारी शर्वरी वर गेली, तर रिकाम्या घागरी घेऊन माणसं उन्हात रांगेत उभी होती. टँकरचा पत्ता नव्हता. कुणी शिवी देत नव्हतं, कुणी दगड उचलत नव्हतं. रांगभर एकच हसू होतं. मऊ, निवांत. तिला ते हसू घरच्या माणसाच्या चपलेसारखं ओळखीचं होतं. एकटी लंकाबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहून पालिकेच्या नावानं बोटं मोडत होती. तिनं लगाम घेतला नव्हता, घरकुलही घेतलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या मुलानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, जाऊ दे. येईल पाणी." तिनं तो हात विंचू झटकावा तसा झटकला.

शर्वरी त्या उतारावरून जवळजवळ पळतच खाली आली. दुसऱ्या दिवसापासून तिनं टँकरच्या तक्रारी स्वतः लिहायला घेतल्या. लंकाबाई वरून बातमी आणी, शर्वरी पालिकेत भांडे. कधी पाणी येई, कधी नाही. दोन बायकांच्या रागावर टेकडी कितीशी तगणार?

इकडे पावसाळ्याच्या सुरुवातीलाच प्रज्वलच्या तारा काढल्या होत्या. त्यानंतरचे पहिले दिवस त्यानं तालमीच्या खोलीत रडून काढले. वडील आत्ता वारल्यासारखे. मग संताप आला. खिडकीचं तावदान हातानं फोडलं. हाताला पट्टी बांधून तो शर्वरीच्या दारात आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "काच फोडली. कारण काही नव्हतं. तुला कळलं पाहिजे म्हणून सांगतोय." आणि परत गेला. शाळेनं त्याला मुलांपासून दूर ठेवून मैदानाच्या कामाला लावलं होतं, तेही त्यानंच मागून घेतलं होतं. डॉ. मोमीन दर आठवड्याला त्याला बोलावत. पडद्यावर त्याला त्याचीच लाट चढताना दाखवत आणि म्हणत, "ओळखा. आत्ता. कुठे आहे? छातीत? जबड्यात?" पहिले दोन महिने त्याला ती फुटल्यावरच कळे.

एकदा मैदानावर, दिवसाउजेडी, लोक येत-जात असताना त्यानं शर्वरीची माफी मागितली. नीट जमलं नाही. शब्द अडकले, थोबाड वेडंवाकडं झालं, मुठी वळल्या, आणि ती घाबरून दोन पावलं मागे सरली. तिनं माफ केलं नाही. पण घरी येताना तिच्या लक्षात आलं की, आज समोर कुणीतरी होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तिनं त्याला पहिल्यांदा जेवायला बोलावलं. दुपारची वेळ, दार सताड उघडं. अवनीनं ताटं मांडली. तिघांनी खाली बसून वरण-भात खाल्ला. प्रज्वल भराभर जेवत नव्हता, घास घास मोजल्यासारखा घेत होता.

"पप्पा," अवनी म्हणाली, "मी वर्गातल्या एका मुलीला मारलं."

"का?"

"तिनं तुमच्याबद्दल काहीतरी म्हटलं. ते जाऊ दे. मी कंपास मारला तिला. रक्त आलं." तिनं ताटाकडे पाहिलं. "आणि मला बरं वाटलं. म्हणजे थांबावंसं वाटेना. बाईंनी ओढलं मला."

शर्वरीच्या हातातली पळी भातात तशीच राहिली. हे तिला माहीत नव्हतं.

"शाळेत आता मुलांसाठी लगाम आलाय," अवनी म्हणाली. "आईबाबांची सही लागते. मला घ्यायचाय."

"नाही," प्रज्वल म्हणाला.

"तुम्ही कोण नाही म्हणणारे? मला तुमच्यासारखं व्हायचं नाहीये."

"कुठल्या माझ्यासारखं?"

"दोन्ही!" पोर ओरडली. "दोन्ही तुमच्यासारखं नाही!"

प्रज्वल उठला. ताट लाथेनं उडालं, भिंतीवर वरण सांडलं. शर्वरीनं बारा वर्षांपूर्वीचा चेहरा पाहिला. तोच, सुजल्यासारखा, डोळे बारीक झालेले. तो परत आला होता. इतकी वर्षं उंबऱ्यावरून मागे फिरत होता, तो आता उंबरा ओलांडून आत उभा होता. प्रज्वलचा उजवा हात खांद्याच्या वर गेला. शर्वरी अवनीसमोर आडवी झाली.

हात तिथंच राहिला.

तो शांतपणे थांबलेला नव्हता. कोपरापासून बोटांपर्यंत थरथरत होता. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, दात करकरत होते. एका अंगात दोन माणसं एकमेकांना भिडली होती आणि कोण भारी पडेल ते त्यांनाही माहीत नव्हतं. हसू कुठेही नव्हतं. प्रज्वलनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, आपल्याच हाताला ओढत मागे सरकला, दारापर्यंत गेला, पायरीवरून अडखळत अंगणात उतरला.

"शर्वरी," तो बाहेरून म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. "कडी लाव."

तिनं दार लोटून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. बाहेर तो पायरीवर बसला असावा. भात्यासारखा श्वास ऐकू येत होता. आत जाणारा, मध्येच अडणारा, पुन्हा जाणारा. अवनी भिंतीवरून ओघळणाऱ्या वरणाकडे बघत होती. मग ती उठली, आईच्या शेजारी येऊन उकिडवी बसली आणि दाराच्या फटीशी तोंड नेलं.

"पप्पा."

तिनं दारावर बोटानं टकटक केली.

"पप्पा, कसं थांबवलंत?"

बराच वेळ नुसता श्वास येत राहिला.

"थांबवलं नाही, अवू," तो म्हणाला. "अजून थांबवतोय."